ताईने कधी बिडी ओढली नव्हती

चि. सुहास यास,


रिपोर्टचे फोटो मिळाले. फोनवर तुझ्याच्याने बोलवेना, म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्या आईने, माझ्या ताईने, जन्मात तंबाखूला हात लावला नाही, मग फुप्फुसाचा कॅन्सर तिलाच का, हे तू पुन्हा पुन्हा विचारतोस. त्यात भेटायला येणारे दबक्या आवाजात विचारतात, "मिश्री लावायच्या का?" तुझा संताप मला समजतो. छातीच्या ओपीडीत माझं आयुष्य गेलं. या आजाराइतका दोषाचा शिक्का दुसऱ्या कुठल्या कॅन्सरवर बसलेला मी पाहिला नाही.

तंबाखू हे सगळ्यांत मोठं कारण, यात वाद नाही. १९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी रुग्णांच्या सवयींची बारकाईने चौकशी करून ते दाखवून दिलं. पण धूर ओढणाऱ्यापाशीच थांबत नाही. जपानमध्ये हिरायामा यांनी स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या ९१ हजारांहून अधिक विवाहित बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि १९८१ साली निष्कर्ष छापला: नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला धोका जास्त. पुढे इतर देशांतही तेच दिसलं. घरात दुसऱ्याचा धूर असेल तर न ओढणाऱ्याचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो.

हे वाचून तुझ्या मनात तुझ्या वडिलांची, अण्णांची बिडी येणार, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या माहेरची चूल तू पाहिली नाहीस. पावसाळ्यात लाकडं ओली. ताई उकिडवी बसून फुंकणीने विस्तव फुलवायची. एक फुंकर मारायची म्हणजे आधी छातीभर श्वास घ्यायचा, आणि तो श्वास त्याच धुरातला. डोळे लाल, वाशांवर काजळी, खोकत खोकत भाकरी थापणं चालूच. कोळशाच्या घरगुती धुराने हा कॅन्सर होतो, हे पक्कं ठरलं आहे. लाकडाच्या धुराला तज्ज्ञ 'बहुधा कारणीभूत' म्हणतात. त्यात डिझेलचा धूर आणि शहराची हवा धर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये आणि बाहेरच्या प्रदूषित हवेला २०१३ मध्ये कॅन्सरकारक ठरवलं. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ आणि जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू हीदेखील कारणं आहेत. आणि कधी कधी यातलं काहीही सापडत नाही. हजारो माणसांचा धोका मोजता येतो. एकट्या ताईच्या गाठीवर कुणाचं नाव लिहिता येत नाही. अण्णा आज नाहीत. त्यांच्यावर राग धरू नकोस.

आता रिपोर्ट. या कॅन्सरचे दोन मोठे गट. स्मॉल सेल साधारण १५ टक्के; तो जवळजवळ नेहमी धूम्रपान करणाऱ्यांत दिसतो, झपाट्याने वाढतो, मेंदूपर्यंत लवकर जातो. बाकीचा सगळा नॉन-स्मॉल सेल. त्यातला स्क्वेमस बहुधा मोठ्या श्वासनलिकांजवळ होतो आणि धूम्रपानाशी घट्ट जोडलेला असतो. ताईचा आहे अ‍ॅडिनोकार्सिनोमा. तो बरेचदा फुप्फुसाच्या कडेला होतो, आणि कधीही न ओढणाऱ्यांत, विशेषतः बायकांत, हाच जास्त सापडतो. यातल्या काहींच्या पेशींत ईजीएफआर किंवा एएलके नावाच्या जनुकात बदल असतो. तो सापडला तर केमोऐवजी रोजच्या गोळ्यांनी आजार बराच काळ आटोक्यात राहू शकतो. ईजीएफआरचा बदल युरोपातल्या रुग्णांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतो. छातीत झालेल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी मिळाल्या म्हणजे चौथी स्टेज. ताई पूर्ण बरी होईल असं मी म्हणणार नाही. पण हातात काहीच उरलं नाही, असंही नाही.

मला खरा राग कशाचा आला सांगू? थुंकीत जंतू नसताना तिला टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि गुण येत नसतानाही महिनोन् महिने चालू ठेवल्या. आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीच्या फोटोत डाग दिसला की आधी तोच आठवतो, आणि दोन्ही आजारांत खोकला, वजन घटणं, थुंकीतून रक्त सारखंच. म्हणूनच जंतू सापडला नाही तर सीटी स्कॅन करावा, आणि गरज पडली तर दुर्बिणीने किंवा सुईने तुकडा काढून तपासावा. जावयांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना हे सांग. आवाज बसून राहिला, खांदा विनाकारण दुखत राहिला, तरी दाखवायचं.

आणि आता तुझं. मला कळलं, तू गच्चीत जाऊन ओढतोस आणि फिल्टरची आहे म्हणून निर्धास्त असतोस. फिल्टरच्या सिगारेटचा झुरका माणूस जास्त खोल ओढतो. सिगारेटच्या या बदललेल्या घडणीमुळे अ‍ॅडिनोकार्सिनोमा वाढला, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलचा २०१४ चा अहवाल सांगतो. सोडलीस तर दहा वर्षांत तुझा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येईल. पुढे सीटी काढत राहू, असा हिशेब करू नकोस. कमी मात्रेच्या सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचं अमेरिकेत २०११ मध्ये दिसलं, पण त्यांनी साध्या एक्स-रेशी तुलना केली होती, आणि तीही वर्षानुवर्षं भरपूर ओढणाऱ्या पंचावन्नच्या पुढच्या लोकांत. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रणही गाठीसारखे दिसतात आणि नसती धावपळ होते. १८०० ११ २३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट समुपदेशन मिळतं. ताईच्या काळजीत जास्त ओढशील, म्हणून आत्ताच फोन कर.

ताईला घेऊन पुण्याला माझ्याकडे येण्याआधी तुमच्या तिथल्या लॅबमधून बायोप्सीचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घे. नुसता कागद पुरत नाही, जनुकांची तपासणी त्या ब्लॉकवरच होते. सीटीची सीडी आण. पाणी काढल्याचा कागद आणि टीबीच्या गोळ्यांची चिठ्ठीही आण. ताईला दम लागत नसेल तर जनुकांचा रिपोर्ट येईपर्यंत केमोची घाई नको, असं तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेव. रात्रीच्या गाडीने आणू नकोस. दुपारची गाडी बघ, मी स्टेशनवर येते.

तुझी
मावशी