बस की जरा!

‘मी जेवले की नाही याची इथे सगळ्यांना एवढी काळजी का?’ तिसऱ्याच दिवशी माझी रूममेट वैतागून मला विचारत होती.

ती मेलबर्नची, पब्लिक हेल्थ शिकणारी. मुक्काम दोन महिने, जामखेडला. मी पुण्याची, फ्रीलान्स पत्रकार. मुक्काम फक्त चार दिवस. (झाले सोळा, ते का ते सांगतेच.) अहिल्यानगरहून (तोंडात अजून नगरच येतं!) एसटीने आष्टीमार्गे या तालुक्याच्या गावी पोहोचायचं, ‘फॉरेनची मुलं इथे येऊन काय शिकतात?’ यावर झकास फीचर करायचं आणि पळायचं, असा सिंपल प्लॅन होता.

मुलं येतात ती डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात. गावानेच निवडलेल्या, बऱ्याचदा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण द्यायचं आणि गावाचं आरोग्य त्यांच्या हाती सोपवायचं, ही त्यांची आयडिया. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. आज दोघंही नाहीत, पण देशोदेशीची माणसं अजून शिकायला येतात.

तर त्या दिवशी रूममेटकडे वीस प्रश्नांचा फॉर्म होता आणि मी दुभाषी. सकाळभरात आठ घरं करायची होती. सोबत गावच्या आरोग्यसेविका मावशी. दुपारी बारा वाजेपर्यंत घरं झाली किती? तीन! कारण प्रत्येक दारात तोच डायलॉग, ‘बस की जरा. चहा टाकते.’ मग चहा, शेंगदाणे-गूळ, शेळी, पाऊस, कुणाचं तरी लग्न. आम्ही दोघी घड्याळाकडे बघतोय आणि मावशी मस्त मांडी घालून बसलेल्या.

तिसऱ्या घरात ‘बाळ आजारी आहे का?’ याला सुनेने पटकन ‘नाही’ म्हटलं. रूममेटने टिक केली. अर्धा तास गप्पा झाल्यावर तीच सून मावशींना हळूच म्हणाली, ‘दोन दिस झालं, प्वार नीट दूध ओढत नाही.’ मावशींनी बाळाला मांडीवर घेतलं, पाहिलं आणि लगेच दवाखान्यात न्यायला सांगितलं. रूममेटने मुकाट्याने टिक खोडली.

बाहेर पडलो तर मावशी माझ्याकडे टक लावून बघतायत. ‘पोरी, जिना चढताना दम लागतो का गं तुला?’ मी उत्तर देईपर्यंत त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिलीसुद्धा. ‘पांढरीफटक हाय. रक्त तपासून घे.’

हिमोग्लोबिन निघालं आठ!

खरं सांगू? वर्षभर दमत होते मी. नाव दिलं होतं डेडलाइन, उपाय होता कॉफी. पुण्यात फ्लॅटमध्ये आम्ही चौघी राहतो. रोज एकमेकींना ‘हाय’, ‘बाय’ करतो. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांचं कशाला, माझ्याही नाही! गोळ्या सुरू झाल्या आणि मावशींच्या हुकमावरून मुक्काम वाढला. फीचर लेट झालं, एडिटरची बोलणीही खाल्ली.

त्या दिवसांत एक गोष्ट कळली. ‘गावाकडे काय, वेळच वेळ असतो’ हे आपण उगाच म्हणतो. मावशी पहाटे पाचला उठायच्या. जनावरं, स्वयंपाक, शेत, मग ही घरं. माझ्याइतकाच त्यांचाही दिवस भरलेला. फरक इतकाच, की समोर बसलेल्या माणसाचा वेळ त्या कापत नव्हत्या. तो त्यांच्या कामातच धरलेला होता.

निघताना रूममेट स्टँडवर सोडायला आली. बस सुटायच्या आधी खिडकीशी येऊन, तिच्या त्या ऑस्ट्रेलियन मराठीत तिने विचारलं, ‘जेवलीस का?’

आता माझं हिमोग्लोबिन साडेअकरा आहे. फ्लॅटमधल्या तिघींना मी हल्ली ‘हाय’ म्हणून सुटत नाही, चहा टाकते. परवा एकीने कप हातात घेतल्या घेतल्या रडायलाच सुरुवात केली. सहा महिने शेजारच्या खोलीत होती हो ती!