शिरोरेषा आणि मार्गरेषा

पोथ्यांचे जुने लेखनिक कागदावर शाईची रेघ ओढीत नसत. फळीवर समान अंतरांनीं दोरे ताणून बसवीत, त्यांवर कागद ठेवून दाबीत. दोऱ्यांचा वळ कागदावर उठे आणि अक्षरें त्या वळाला टांगलीं जात. वाचणाराला आखणी दिसूं नये, अशी ती युक्ति.

संगणकावर चित्रें नीट करण्याच्या साधनांत हीच युक्ति आहे. 'गिम्प' या विनामूल्य साधनांत कडेच्या मोजपट्टीवरून माउसनें ओढलें कीं चित्रावर एक मार्गरेषा येते. ती छापली जात नाहीं. पण चित्राचा तुकडा जवळ नेला म्हणजे लोहचुंबकाला खिळा चिकटावा तसा तो तिला चिकटतो. सबंध चित्रभर चौकोनी जाळीहि पसरतां येते. आमच्या घराण्याची वंशावळ मी सध्यां याच साधनानें सिद्ध करीत आहें. आजोबांनीं बोरूनें लिहिलेला मूळ तक्ता ओलीनें तीन ठिकाणीं फाटला आहे. त्यांचेंच अक्षर राखून एकेक नांव नव्या तक्त्यावर बसवावयाचें, असें घरांत ठरलें.

परंतु हीं साधनें तुकड्याची चौकट ओळखतात, अक्षर ओळखीत नाहींत. 'माधव' आणि 'गोविंद' हीं नांवें वरच्या कडेनें एका रेषेस लावलीं, तर गोविंदाची मात्रा रेषेस टेंकते आणि त्याची शिरोरेषा माधवाच्या खालीं उतरते. खालच्या कडेनें लावावीं, तर 'कृष्ण' सर्वांच्या वर चढून बसतो! रोमन अक्षर पायाच्या रेषेवर उभें राहतें, आपलें अक्षर डोक्यावरच्या रेषेला लोंबतें. हा भेद चौकटीला कसा कळावा? तूर्त प्रत्येक नांव डोळ्यानें पाहूनच लावावें लागतें.

दुसरी अडचण जागेची. मूळ तक्त्यांत मुलींचीं नांवें नाहींत. तीं घालावींत असा माझ्या पुतणीचा आग्रह आहे, आणि मला तरी तो सर्वस्वीं न्याय्य वाटतो. काकांना अद्याप पटलेलें नाहीं. "तक्ता बिघडेल," हा त्यांचा आक्षेप मात्र अगदींच पोकळ नव्हे. तीन भावांमध्यें दोन बहिणी आल्या कीं त्या पिढीच्या साऱ्या उभ्या रेषा एकेक करून सरकवाव्या लागतात. २०२५ सालीं निघालेल्या गिम्पच्या तिसऱ्या आवृत्तींत तुकडे एकमेकांच्या कडांना आणि समान अंतराला चिकटूं लागले, ही सोय खरोखरच मोठी. आतां मध्यें एक नांव येतांच बाकीच्यांनीं आपण होऊन जागा द्यावी, आणि रेषेनें शिरोरेषा ओळखावी, एवढ्या दोन सुधारणा कोणी कराव्यात!

पणजोबांची पिढी पुरी होत आली आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीचें सासरचें नांव तेवढें आम्हांस ठाऊक होतें. माहेरचें आत्याबाईंनीं परवां सांगितलें. तें आजोबांच्या अक्षरांत कोठेंच नाहीं, म्हणून पुतणी स्वतः लिहून देणार आहे. तिला बोरू कापून दिला आहे.