दारातली गाडी, आरसीवरचं नाव

मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं वडनेर भोलजी हे महामार्गावरचं गाव. पूर्वीचा 6 क्रमांकाचा, आता 53 क्रमांकाचा हा रस्ता रात्रंदिवस वाहता असतो. अशा गावांत एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली एमएच-28 पाटीची मारुती 800 किंवा ओम्नी उभी दिसते. मालक मुलाकडे पुण्याला गेलेला असतो, नाहीतर वारलेला. 800चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, ओम्नीचं 2019 मध्ये. विकायला काढली तर भाव येत नाही, भंगारात घालवायला मन धजत नाही. मग घरात ठरतं, एखाद्या संस्थेला देऊन टाकू, कुणाच्या तरी कामी येईल.

विचार मोलाचा आहे, म्हणूनच तो पुरता तडीस गेला पाहिजे. वाहन-हस्तांतराचे कागद हे माझं रोजचं काम. बहुतेक गाड्या दिल्या जातात त्या किल्ली, आरसी आणि कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या एवढ्यावरच. ‘घेऊन जा भाऊ, नाहीतरी उभीच आहे,’ असं म्हणत मालक निर्धास्त होतो. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत मात्र गाडी त्याचीच राहते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे गाडी राज्यातच दिली तर देणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आपलं नाव चढवायचं. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30. चेसिस नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की पत्र्यावर ठोकलेले अंक कागदावर उमटतात; तो ठसा फॉर्मला चिकटवतात. जुन्या गाडीत त्या जागेवर तेलमातीचा थर बसलेला असतो, तो रॉकेलच्या फडक्याने आधी पुसावा लागतो. एखादा अंक पुसट आला तरी कागद परत येतो. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 आणून तो आधी उतरवायचा. मालक वारला असेल तर वारसाने 30 दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि फॉर्म 31 भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. दान त्यानंतर.

एवढी खटपट कशासाठी, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या निकालात दिलं. त्या प्रकरणातली गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, पण नोंदीतलं नाव बदललं नव्हतं. अपघात झाला तेव्हा गाडी प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात होती याने फरक पडला नाही. नोंदणीकृत मालकच भरपाईला जबाबदार ठरला. दान दिलेल्या गाडीलाही हाच कायदा लागू होतो.

घेणाऱ्या संस्थेचीही बाजू पाहायला हवी. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, पण एप्रिल 2022 मध्ये कारसाठी या वाढीचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं. त्यावर विमा, टायर, बॅटरी आणि चालकाचा पगार. ‘रुग्णवाहिका करा’ असं देणारा सहज सांगतो. पण रुग्णवाहिकेसाठी एआयएस-125 हे वेगळं मानक आहे आणि आरसीवर गाडीचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. आत स्ट्रेचर टाकून वर दिवा बसवला की झालं, असं नाही. माझ्या मते लहान संस्थेला जुनी कार देणं हे बऱ्याचदा तिच्यावर खर्च लादणं असतं, आणि देणाऱ्याचा मान राखायचा म्हणून ती संस्था नाही म्हणू शकत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कार दान करणं नवं नाही. तिथे संस्था गाडी ओढून नेते, लिलावात विकते आणि देणाऱ्याला करसवलतीची पावती मिळते. 2003 साली तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 54 गाड्यांचा माग काढला. त्यांतल्या दोन-तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, दात्याने जी किंमत दाखवली होती तिच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. उरलेली रक्कम दलाली, ओढणावळ, जाहिरात आणि फुगवलेल्या किमतीत विरली. त्यानंतर कायदा बदलला. 2005 पासून संस्थेने गाडी विकली की साधारणपणे विक्रीतून जेवढे पैसे येतील तेवढीच सवलत मिळते.

आपल्याकडे तर वस्तूच्या दानाला प्राप्तिकरात वजावट मुळीच नाही. ती फक्त पैशाच्या दानाला, तीही 2,000 रुपयांहून जास्त रोख नसेल तर, आणि जुन्या करपद्धतीतच. म्हणून मी विचारायला येणाऱ्यांना सांगतो, गाडी तुम्हीच विका, नाव उतरवून घ्या आणि आलेले पैसे बँकेमार्फत संस्थेला द्या. मालाडच्या मालवणीतल्या शाहनवाज शेख यांनी कोविडच्या काळात असंच काहीसं केलं. त्यांची फोर्ड एन्डेव्हर आधी रुग्णांना नेण्यासाठी धावत होती. पुढे त्यांनी ती विकली आणि, त्या वेळच्या बातम्यांनुसार, आलेल्या सुमारे 22 लाखांतून 160 ऑक्सिजन सिलिंडर घेतले. श्वास कोंडलेल्या माणसाच्या उशाशी तेव्हा सिलिंडर हवा होता, आणि गाडीच्या पैशातून तो पोचला.

गाडी चालण्याच्या पलीकडे गेली असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्र हा सरळ रस्ता. 2021 च्या नियमांनुसार तिथे तेल, कूलंट, एसीचा वायू आणि बॅटरी आधी काढून घेतात. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे तेच तेल गटारात जातं. केंद्र ठेव प्रमाणपत्र देतं. ते दुसऱ्याच्या नावे करता येतं आणि नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते. भंगाराचे पैसे मालकाच्या खात्यात येतात, ते हव्या त्या संस्थेला देता येतात.

इंजिन, गिअरबॉक्स शाबूत असतील तर आणखी एक जागा आहे, आयटीआयची मोटार मेकॅनिकची कार्यशाळा. तिथे गाडीने रस्त्यावर धावायची गरज नसते. इंजिन उकलून पुन्हा जोडायला मुलांना खरा माल लागतो, आणि 800चं तीन सिलिंडरचं साधं इंजिन शिकायला फार चांगलं. मात्र अशा वेळीही कलम 55 खाली नोंदणी रद्द करून घ्यावी, प्राचार्यांचं स्वीकारपत्र घ्यावं आणि त्या पत्रावर चेसिस व इंजिन क्रमांक लिहिलेले आहेत ना, ते पाहूनच गाडी हलवू द्यावी.