फिरत्या घराची बॅटरी

वडिलांचे प्राणवायूचे यंत्र सोबत नेता यावे, म्हणून आम्ही जुन्या गाडीचे फिरते घर केले. यंत्राला ३०० वॅट लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास. परंतु ती वारंवार निम्म्याखाली उतरली की तिचे आयुष्य खुंटते. म्हणजे जेमतेम तीन तास, आणि रात्र तर आठ तासांची! त्यातून भंडाऱ्याचा मे महिना. पाणी आटून प्लेटा उघड्या पडू नयेत म्हणून डिस्टिल्ड वॉटर सतत पाहावे लागते.

मागे दोराने मोटार ओढत न्यायचा माझा बेत वडिलांनीच मोडला. इंजिन बंद असले की ब्रेक जड होतात, उतारावर ती आपल्यावरच येईल, असे ते म्हणाले.

रात्री आम्ही तुमसरला आत्याच्या अंगणात थांबतो. यंत्र तिच्या घरच्या विजेवर चालते. वीज गेली तरच बॅटरी.