वाकड्या तोंडाची नळी

आमचं वॉशिंग मशीन न्हाणीघरात भिंतीला अगदी खेटून उभं आहे. जागाच तेवढी! त्यामुळे पाण्याची नळी मागे भिंतीला टेकून मुडपायची. ‘पाणी कमी चढतंय’ एवढंच मी म्हणत राहिले. एक दिवस मशीन लावून शाळेत गेले, आणि मुडपलेल्या जागी नळी फुटली. परत आले तर जिन्यातच खालच्या वहिनी उभ्या. त्यांच्या छताला हातभर ओल. दहा वर्षांचा घरोबा, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत, नुसतं वर बोट दाखवलं.

हे म्हणाले, “रविवारी प्लंबर बोलावू.” मला कुठला धीर! फुटकी नळी पिशवीत घातली नि दुकान गाठलं. दुकानदाराने दुसरीच नळी काढली. एक टोक सरळ, दुसरं काटकोनात वळलेलं. वाकडं तोंड मशीनला, सरळ नळाला. मग नळी भिंतीलगत निमूट खाली उतरते. आटे पाऊण इंची, तरी जुन्या नळीशी जुळवूनच घेतले.

बसवलीही मीच. नटात रबरी वायसर असतो, पाणी तोच अडवतो. तिथे टेप गुंडाळायची नाही. वाकडं तोंड खाली धरून आधी हाताने आवळायचं, शेवटी पान्याने जेमतेम पाव फेरा. जोर केला तर प्लास्टिकचे आटेच जातात. (पहिली नळी अशीच वाया गेली, हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही.) मग खाली वर्तमानपत्र पसरून नळ सोडला. कागद कोरडा!

आता धुणं झालं की नळ बंद, मगच घराबाहेर. छताच्या रंगाचे पैसे मी माझ्या पगारातून वहिनींना देऊ केलेत. त्या हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.