फिटरकाकांचं देणं

दौंडला कुरकुंभ मोरीच्या अलीकडे पत्र्याची एक शेड होती. वर पाटी नव्हती. पण रेल्वे कॉलनीत कुणालाही ‘फिटरची शेड कुठं?’ विचारलं, की तो हात करून दाखवायचा. फिटरकाकांची उमेदीची वर्षं लोको शेडमध्ये, वाफेच्या इंजिनांवर गेली. वाफ संपली, डिझेल आलं, ते निवृत्त झाले आणि मोटारींकडे वळले. त्यासाठी कुणाच्या हाताखाली राहिले नाहीत. “आग, पाणी न् लोखंड. दोन्हीकडं तेच,” म्हणायचे.

माझे वडील रेल्वेत गार्ड. दोघांची ओळख नोकरीतली, त्यामुळे काका त्यांना शेवटपर्यंत ‘गार्डसाहेब’ म्हणत आणि मला ‘मास्तर’. मी शिरूरला शाळेत शिकवायचो. वडिलांचे गुडघे क्लच दाबायला कुरकुर करू लागले तेव्हा त्यांची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे शिरूरला आली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, फियाट 1100 च्या वंशातली. पद्मिनी हे नाव तिला 1974 मध्ये मिळालं, मुळात ती फियाट; आणि वडिलांच्या तोंडी अखेरपर्यंत फियाटच. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, आणि स्टार्टर रुसला तर पुढून हँडल मारायची सोय. (मूळच्या फियाट कंपनीचा नवा कारखाना पुढे आमच्याच शिरूर तालुक्यात, रांजणगावला उभा राहिला. वडिलांना याचा उगाचच अभिमान होता, जणू माहेरची माणसं शेजारी राहायला आली.)

एका हिवाळ्यात गाडी पांढरा धूर सोडू लागली. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ येतेच, तिचं कुणी मनावर घेत नाही. पण हा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना. गाडी जागच्या जागी हादरायची, चढावर दम तोडायची, मिसिंग मारायची. शिरूरच्या एका गॅरेजवाल्याने धूर पाहिला आणि बोनेट न उघडताच निकाल दिला: रिंगा गेल्या, इंजिन बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावे लागतील. आकडा ऐकून मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “कुणाला हात लावू देऊ नकोस. दौंडला घेऊन ये.”

शिरूरहून न्हावरे, इनामगाव, काष्टी करत दौंड. इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं उकरून काढली, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. त्या दिवशी तिथं थांबलो ते रेडिएटरसाठी पाणी मागायला. प्रत्येक गावात काटा वर चढला की थांबायचं, इंजिन निवेपर्यंत वाट बघायची, पाणी ओतायचं, निघायचं. ऊस भरलेले ट्रॅक्टर मला मागे टाकून जात होते.

काकांनी पाना हातात घेतला नाही. स्टुलावर बसून प्रश्न विचारत राहिले. धूर सकाळी जास्त की दिवसभर सारखा? ऑइल कमी होतंय का? आणि पाणी? पाणी रोज घालावं लागतंय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. “मग ऑइलला कशाला दोष देता?”

त्यांनी मला सायलेन्सरच्या मागे उभं केलं. ऑइलचा धूर निळसर असतो, हवेत रेंगाळतो, नाकाला करपट लागतो. पेट्रोल जास्त जातंय तर धूर काळा. हा मात्र दाट पांढरा निघत होता आणि चार-सहा हातांवर विरून जात होता. “ही वाफ आहे, मास्तर. मी जन्मभर हीच बघितली.” कूलंट जळत असेल तर धुराला गोडसर वास येतो; आमच्या गाडीत साधं पाणी होतं, म्हणून वासानं काही कळलं नसतं, हेही त्यांनी सांगितलं. आणि डिझेल गाडीला हा नियम जसाच्या तसा लावू नका म्हणाले: ट्रॅक्टर पांढरा धूर सोडतो तेव्हा बरेचदा ते न जळलेलं डिझेल असतं, तिथं आधी नोझल आणि पंपाचं टायमिंग बघायचं.

पाणी कुठून आत जातंय, हे इंजिन चालू ठेवून त्यांनी शोधलं. लाकडी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची वायर काढायची. पहिली काढली, इंजिन अडखळलं. चौथी काढली, पुन्हा अडखळलं. दुसरी आणि तिसरी काढली तेव्हा आवाजात फरकच पडेना. म्हणजे ते दोन सिलिंडर मुळात काम करत नव्हते. प्लग बाहेर काढले. पहिला-चौथा तपकिरी, जसे असावेत तसे. दुसरा काळवंडलेला, ओलसर. तिसरा मात्र लख्ख, जणू कुणी घासून ठेवलाय. वाफेनं धुतला होता तो. मग प्लगच्या भोकावर माझा अंगठा दाबून धरायला लावला आणि स्वतः हँडल मारलं. पहिल्या सिलिंडरनं अंगठा उडवला, दुसऱ्या-तिसऱ्यात नुसता श्वास. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम मेले, तर दोघांमधली भिंत पडलेली असते. आणि ती भिंत म्हणजे हेड गॅस्केट. शेवटचा पुरावा दुसऱ्या दिवशी सकाळी. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली आणि आत बुडबुडे उठू लागले. ऑइलचा गज मात्र स्वच्छ निघाला. पाणी ऑइलमध्ये उतरलं असतं तर ते दुधाळ झालं असतं आणि बेअरिंगही गेली असती. “नशीब तुमचं,” एवढंच ते म्हणाले.

हेड उतरवलं तेव्हा गॅस्केट दोन-तीनच्या मधे जळालेलं दिसलं आणि तिथून पाण्याच्या भोकापर्यंत खाल्लेलं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. पाण्याच्या वाटांभोवती ते पोखरून निघालं होतं. ब्लॉकचा नळ सोडला तर तांबडा गाळ आणि पांढरे पापुद्रे बाहेर आले. काका त्या पापुद्र्यांकडे बराच वेळ बघत राहिले. लोको शेडमध्ये बॉयलर ठरावीक दिवसांनी रिकामा करून धुवायचे, कारण क्षार साठला की उष्णता पाण्यात उतरत नाही आणि पत्रा जळतो. “गाडीला काय पाजत होता?”

बोअरचं पाणी. वडीलही दौंडला तेच घालत आले होते, मीही शिरूरला तेच. आमच्या भागातलं बोअरचं पाणी तोंडात घेतलं तरी खारट-मचूळ लागतं. ते वर्षानुवर्षं इंजिनाच्या पोटात उकळत होतं, क्षार सोडत होतं, ॲल्युमिनियम खात होतं. गॅस्केट हे त्या दुखण्याचं शेवटचं टोक.

गॅस्केट पुण्याहून, नाना पेठेतून आणलं. मुंबईच्या टॅक्स्यांमुळे पद्मिनीचे भाग तेव्हा सहज मिळत. हेड पट्टीवर तपासलं, थोडं वाकलं होतं. मशीनवर फेसिंग करून आलं. नट कसताना काकांनी मधून सुरुवात केली आणि बाहेर सरकत गेले, एका दमात न आवळता थोडं थोडं, फेऱ्या करत. दौंड-पाटस चक्कर मारून आणायला लावली, इंजिन रात्रभर निवू दिलं, सकाळी पुन्हा नट तपासले, टॅपेट लावले. बोअर, पिस्टन, रिंगा यांतल्या कशालाही हात लावला नाही, कारण त्यांना काही झालंच नव्हतं. मजुरी त्यांनी सांगितली ती मी दिली. घासाघीस त्यांच्याशी कुणी करत नसे, आणि ते कुणाला माफही करत नसत.

एवढ्यावर हिशोब मिटला असता. पण आई गेल्यावर वडील दौंडच्या घरात एकटे पडले. शिरूरला यायला तयार नव्हते. मी रविवारी जायचो तेव्हा ते बोलत नसत, जेवण ताटात तसंच राहायचं. मग एकदा काका घरी आले आणि म्हणाले, “गार्डसाहेब, माझा हिशोबाचा पार घोळ झालाय. तुमचं अक्षर चांगलं. सकाळी दोन तास येऊन बसाल का?” वडील दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये जाऊ लागले. गाडीचा नंबर, आल्याची वेळ, दुखणं, घातलेला माल, मजुरी, गेल्याची वेळ: गार्डाच्या जर्नलसारखी वही त्यांनी लिहिली, आजारी पडेपर्यंत. मी रविवारी गेलो की कुठल्या जीपला किती वेळ लागला ते रंगवून सांगायचे. जेवायचेही.

काकांच्या हिशोबाचा घोळ कधीच झालेला नव्हता. त्यांची सून बी.कॉम. होती आणि शेडचे हिशोब ती चोख ठेवायची. वडिलांच्या वहीच्या जोडीनं तिची वही चालूच होती. हे तिनंच मला सांगितलं, वडिलांच्या दहाव्याला. काका तेव्हा शेजारीच बसले होते. ते तिला म्हणाले, “चहा बघ जा.”

काका आता नाहीत. शेडच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून आमच्या गाडीचे भाग शोधायला वणवण करावी लागते. तरी ती चालते, आणि तिच्या रेडिएटरमध्ये आता कूलंट असतं.

शिरूर, न्हावरे, दौंड या पट्ट्यात जी कुणी मंडळी जुनी गाडी बाळगून असतील, त्यांना काकांच्या वतीनं विनंती. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. झाकण इंजिन गार असतानाच उघडा, तापल्यावर त्याला हात लावू नका. आणि नुसता धूर बघून कुणी इंजिन बोअर करायला निघाला, तर आधी चारही प्लग काढून समोर मांडायला सांगा.