श्लेष

महिन्यातले तीन दिवस आमची ही पोटाशी उशी धरून पडे. ‘बायकांचे असतेच ते!’ असे आई म्हणे, आणि मी खामगावच्या आमच्या महाविद्यालयाची वाट धरी. अशी नऊ वर्षे गेली.

परवा अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी रोगाचे नाव सांगितले : एंडोमेट्रिऑसिस. दहा बायकांत एकीला असतो म्हणे! गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर वगैरे रुजतो; व्हीईजीएफ नावाचा वाढघटक त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो.

“मग रक्त तपासून हे आधीच का कळू नये?” मी जरा तावानेच विचारले.

“रक्तातले सीए-१२५ यात वाढते खरे, पण ते पाळीतही वाढते, गर्भाशयाच्या गाठींनीही, अंडाशयाच्या कर्करोगातही. कधी रोग असून वाढतच नाही. नुसत्या त्यावर निदान होत नाही.”

म्हणजे श्लेषच की! शब्द एक, अर्थ अनेक. संदर्भावाचून उलगडा नाही. वर्गात मी हेच तर शिकवतो!

मग बाईंनी हिला विचारले, “कुठे, कसे दुखते, सांगा बरे.”

ही अर्धा तास बोलत होती.

नऊ वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.